दिवसाउजेडी थर्मल: माळावरचे पक्षी शोधायला कितपत उपयोगी?

माळकरी (बीड)

थर्मल कॅमेऱ्याचा (उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या) विषय निघाला की बोलणं रात्रीवरच जातं. बिबट्या आलाय का, रानडुकरं हरभऱ्यात शिरलीत का, वगैरे. मला दिवसाबद्दल विचारायचंय. एका मित्राचा थर्मल मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्यानं बघायचा थर्मल, दिवाळीपासून माझ्याकडे आहे (सेन्सर ३८४ × २८८ पिक्सेल, लेन्स ३५ मिमी). पाटोदा-नायगाव बाजूचे माळ, बालाघाटाचे उतार, गावोगावचे पाझर तलाव असं तो गळ्यात अडकवून हिंडतोय. मयूर अभयारण्याच्या आत नाही, बाहेरच्या गायरानांत.

आधी जमलं ते सांगतो. थंडीत तांबडं फुटल्यापासून ऊन जमिनीला टेकेपर्यंत हे यंत्र कमाल आहे. गवत, दगड, बांध सगळं रात्रभर गार पडलेलं असतं आणि त्यात जिवंत जे काही असेल ते पांढरं उठून दिसतं. तित्तिर बोरीच्या जाळीत रात्र काढतात, ते खाली उतरायच्या आत मोजता येतात. चंडोल आणि तिरचिमण्या नांगरटीच्या ढेकळांत बसलेल्या असतात, एरवी पायाखालून उडाल्याशिवाय कळतसुद्धा नाहीत. थर्मलमध्ये लांबूनच ठिपके दिसतात.

सगळ्यात भारी म्हणजे रातवा, रात्री उडणारा आणि दिवसा जमिनीवर दबून बसणारा पक्षी. कुसळीच्या दोन बुचक्यांमध्ये एक ठिपका होता. दुर्बीण लावली तर नुसतं गवत. पुन्हा थर्मल, ठिपका तिथंच. पुन्हा दुर्बीण, आता फोकसचं चाक अगदी हळू फिरवत. पहिल्यांदा दिसला तो डोळा: काळा, ओलसर, एक फट ठेवून मिटलेला. मग चोचीजवळच्या मिशा दिसल्या आणि शेवटी ज्याला इतका वेळ वाळलेलं पान समजत होतो त्याला पंख फुटले. हललासुद्धा नाही. मीही तिथूनच मागं फिरलो.

आता न जमलेलं. ऊन वर आलं की खेळ संपला. प्रत्येक दगडाची पूर्वेकडची बाजू पेटते. आपल्या माळावर दगड किती हे सांगायला नको. शेणाचा पो, वारुळं, उघडी मुरमाड जमीन, सगळंच पांढरं. अख्ख्या माळावर थवा उतरलाय असं वाटतं. नऊनंतर मी तो पिशवीतच टाकतो.

तर जाणकारांनो, ऊन चढल्यावर काही युक्ती आहे का? आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं याचा उपयोग होईल की नाही? मित्राचा परत द्यायचाय, स्वतःचा घ्यावा का, या विचारात आहे.

जुनी_दुर्बीण (नांदेड)

धागा आवडला, पण थोडं थंड पाणी ओततो. माळकरी, तो रातवा तुम्हाला थर्मलशिवायही मिळाला असता. संध्याकाळी त्याच माळावर बसायचं, ‘चक् चक् चक् चक्-र्र्र’ कुठून येतंय ते धरायचं. सकाळी तिथं विष्ठा आणि एखादं पीस दिसतं. रातवा बऱ्याचदा त्याच त्या जागी दिवस काढतो. दोन-तीन खेपांत सापडतो, आणि तोवर माळ तुम्हाला पाठ होतो.

थर्मलवाल्या पोरांबरोबर फिरलोय मी. पडद्यात ठिपका दिसला की पळतात तिकडं. निम्म्या वेळा ससा निघतो, नाहीतर घूस. कान बंद, डोळे पडद्यात. शेजारच्या हिवरावर भोवत्यासारखा शिकारी पक्षी घिरट्या घालतोय याचा पत्ता नाही. यंत्राला विरोध नाही माझा, पण नवशिक्याच्या हातात ते पहिल्या वर्षी देऊ नये एवढंच म्हणणं.

अवरक्त (छत्रपती संभाजीनगर)

जुनी_दुर्बीण काकांना अर्धं अनुमोदन. बाकीचं अर्धं खाली. उष्णतामापनाच्या उपकरणांवर काम करतो, त्यामुळे प्रतिसाद लांबेल, आधीच माफी.

थर्मल कॅमेरा प्रकाश बघत नाही. साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरी बघतो, ज्या प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे स्वतः बाहेर टाकते. कोविडात कपाळासमोर धरायचे ते तापमापक याच तत्त्वावर चालत, त्यांत एकच बिंदू असे, इथे लाखभर आहेत. म्हणून दिवस आहे की रात्र, कॅमेऱ्याला फरक पडत नाही. फरक पडतो तो पक्षी आणि त्याच्यामागची जमीन यांच्या तापमानातल्या अंतराचा.

पक्ष्याचं शरीर आतून ४० ते ४२ अंश असतं. पण ते आपल्याला दिसत नाही. पिसं हे उत्तम आवरण आहे, पिसांचा बाहेरचा थर हवेपेक्षा थोडाच गरम असतो. थंडीत पक्षी फुगून बसतो तेव्हा तर आणखी कमी. खरी चमक असते ती डोळ्याभोवती, चोचीच्या बुडाशी आणि पंख उचलला तर काखेत. त्यामुळे पाठ करून बसलेला तित्तिर फिका दिसतो आणि त्यानं मान वळवली की एकदम दिवा लागतो.

पहाटे जमतं त्याचं कारण जमिनीत आहे. निरभ्र रात्री गवत आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतं आणि हवेपेक्षाही गार होतं. दव पडतं ते त्याचमुळे. त्या गार गवतावर पक्ष्याचे दोन-चार अंशसुद्धा पुरतात, कारण चांगला सेन्सर एका अंशाच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाइतका फरक ओळखतो. ऊन आलं की काळा बसाल्ट झपाट्यानं तापतो, पक्ष्याच्या पिसांएवढा होतो आणि पक्षी विरघळतो. पुढं जमीन पक्ष्याहून गरम होते. म्हणजे दिवसातून दोनदा, सकाळी जमीन तापताना आणि संध्याकाळी निवताना, अशी वेळ येते की दोघांचं तापमान सारखं असतं. त्या वेळी कोटीचा कॅमेरा असला तरी आंधळा.

मेमधली दुपार हा वेगळाच प्रकार. हवा ४२-४३, उघडी जमीन सहज ५५-६०. तिथं पक्षी जमिनीपेक्षा गार असतो. पडद्यावर तो पांढऱ्यावर काळा दिसायला हवा. दिसतोही, पण दगडाची सावली, गवताचं बुडखं, ओलसर खड्डा हे सगळंच काळं दिसतं, शिवाय तापलेल्या हवेनं चित्र थरथरतं. सारांश, उन्हात शोधू नका. सावलीत शोधा. झाडाखालची, नाल्याच्या उत्तरेकडं तोंड असलेल्या दरडीची, खाणीच्या आतल्या बाजूची जमीन उशिरापर्यंत गार राहते. पूर्ण ढगाळ दिवस असेल तर दुपारी दोनलाही सकाळसारखं काम होतं. पावसाळ्यातली झड ओसरल्यानंतरचा तास सोनं आहे. पण पाऊस चालू असताना नको, पाणी आणि धुकं या लहरी शोषून घेतात.

आता घ्यायचा कुठला. १२ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ३५ मिमीची लेन्स असेल तर १०० मीटरवर एक पिक्सेल म्हणजे साधारण साडेतीन सेंटिमीटर. फूटभर लांबीचा तित्तिर आठ-नऊ पिक्सेलचा दिसेल, लावा पाचेक पिक्सेलचा. १३ मिमीची स्वस्तातली लेन्स घेतली तर एक पिक्सेल नऊ सेंटिमीटरचा, लावा दोन पिक्सेलसुद्धा भरणार नाही. ‘काहीतरी आहे’ कळायला दोन-तीन पिक्सेल लागतात, ‘काय आहे’ कळायला बारा-पंधरा. म्हणजे ओळख दुर्बिणीनंच पटवायची. उलट बाजू अशी की लांब लेन्सला आवाका कमी. तुमच्या ३८४च्या सेन्सरला १०० मीटरवर जेमतेम १३ मीटरची पट्टी दिसते, अख्खा माळ झाडूनपुसून काढायला वेळ लागतो.

आणि हो, दिवसा वापरताय तर सूर्याकडे चुकूनही रोखू नका, सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो. गाडीच्या काचेतून बघायचा प्रयत्नही नको. काच या लहरींना भिंत आहे, तुम्हाला त्यात तुमचंच तोंड दिसेल. म्हणून तर याच्या लेन्स जर्मेनियमच्या असतात आणि म्हणूनच महाग.

जुनी_दुर्बीण (नांदेड)

‘मान वळवली की दिवा लागतो’ हे पटलं. हे मी बघितलंय, कारण आज कळलं.

तुरीचं_रान (परभणी)

आमी काय पक्षीवाले न्हाई, शेतकरी हाव. पण वाचून एक इचारावं वाटलं. सोयाबीनच्या काढणीला हार्वेस्टर लावतो तवा दरसाल लाव्ह्याची नाहीतर तितराची घरटी चेंगरतात. कधी लांडोरीची अंडी. ड्रायव्हरला काय दिसतंय वरून? माणसानं कापायचं तवा बायांना दिसायचं, त्या तेवढा तुकडा सोडून द्यायच्या. या कॅमेऱ्यानं आदी बगून घेता येईल का? आन किंमत कितीला हाय?

दुसरं, जे पिंजऱ्यात बोलका तितर ठेवून फासे लावतेत त्यांच्या हातात हे आलं तर कसं? कामून मानता तुमी की फक्त चांगलीच माणसं घेतील?

टिटवी_बोलते (लातूर)

तुरीचं_रान दादा, दुसरा प्रश्न लाखाचा विचारलात. लावा-तित्तिर धरणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा माळावर उभा नसतो.

मी आणखी एक भर घालते, कारण वर सगळे ‘सापडला, सापडला’ यातच रमलेत. उन्हाळ्याबद्दल माळकरींनी विचारलंय. मार्चपासून आपल्या माळावर माळटिटवी अंडी घालते. घरटं कसलं, खडे बाजूला सारलेली उथळ खळगी. भर दुपारी तुम्ही तिला पाहिलं तर ती अंड्यांवर बसलेली नसते, अंड्यांवर उभी असते, पंख किंचित सोडून, स्वतःची सावली पाडत. पाणी जवळ असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी ओली करते. जोडीतला दुसरा आला की पाळी बदलते. मी हे कडेच्या बाभळीखाली बसून तासन्‌तास बघितलंय.

आता वर अवरक्त सरांनी सांगितलेली जमीन आठवा: ५५-६० अंश. त्या जमिनीवर उघडं पडलेलं अंडं किती वेळ टिकेल? तुम्ही ठिपक्याच्या मागं चालत गेलात, ती उडाली, ‘टिट-टिट’ करत तुमच्याभोवती फिरत राहिली, तुम्ही फोटो काढले. तेवढ्यात आतला जीव गेला. कुणी दगड मारला नाही, कुणी फासा लावला नाही. शिवाय कावळे आणि मुंगूस माणसाच्या पावलांवर डोळा ठेवून असतात.

तेव्हा माझं मत सरळ आहे. विणीच्या दिवसांत हे यंत्र जमिनीवरच्या पक्ष्यांसाठी वापरूच नये. ‘लांबून बघू’ म्हणणारे किती लांब थांबतात तेही बघितलंय.

संपादक

एका प्रतिसादात घुबडाच्या घरट्याची नेमकी जागा आणि नकाशाचा दुवा होता, तो काढला आहे. तालुक्याच्या पलीकडे ठिकाण लिहू नये.

गाळपेर (पैठण)

टिटवीताईंशी सहमत, पण हिवाळ्याचं वेगळं बघा. आम्ही नाथसागराच्या काठचे. जायकवाडीचं पाणी उतरत जातं तसतशी गाळाची जमीन उघडी पडते आणि लोक त्यात पेरतात. त्या ओल्या कडेला पाणलावे असतात. पाणलावा म्हणजे असा पक्षी की पायाखाली येईस्तोवर दबून राहणार आणि मग नागमोडी उडत पळणार, तुम्हाला फक्त पाठ दिसणार. त्याला दरवेळी उडवणं म्हणजे थंडीत त्याची शक्ती वाया घालवणं. इंग्लंडात पाणलाव्याच्या लहान भाईबंदासाठी थर्मल याच कारणासाठी वापरतात: न उडवता मोजायला.

मी पाहुण्यांच्या थर्मलमधून बघितलंय. ओला गाळ दहा वाजेपर्यंतसुद्धा गार असतो, पाणी सुकताना जमीन निवत राहते ना. माळावर सकाळी नऊलाच थर्मल आंधळा होतो तिथं आमच्याकडं दहापर्यंत ठिपके स्वच्छ. पुढं काठावरच्या बांधावरून स्पॉटिंग स्कोप लावायचा, लांब चोच आणि पाठीवरचे पिवळट पट्टे दिसले की झालं. बदकांना आणि रोहितांना (फ्लेमिंगो) मात्र थर्मलची काही गरज नाही. ते उघड्यावरच असतात, उगाच बॅटरी जाळू नका. रोहिताचे पाय तर थर्मलमध्ये जवळजवळ दिसतच नाहीत, इतके गार ठेवलेले असतात. गंमत म्हणून बघा एकदा.

आणि नाथसागर १९८६पासून अभयारण्य आहे, आत शिरायचं तर वनखात्याला विचारूनच.

अवरक्त (छत्रपती संभाजीनगर)

गाळपेर, अगदी बरोबर. बाष्पीभवनानं ओली जमीन निवते. तोच न्याय हिरव्या पानांना: पान पाणी सोडतं म्हणून उन्हातही फार तापत नाही. त्यामुळे हिरव्यागार तुरीत किंवा वडाच्या पानोऱ्यात दिवसा थर्मल माळापेक्षा बरं चालतं. पण पानाच्या आरपार दिसत नाही हे लक्षात असू द्या, दोन पानांमधल्या फटीतूनच काय ते.

तुरीचं_रान दादा, सोयाबीनचं उत्तर देतो. युरोपात, विशेषतः जर्मनीत, गवत कापायच्या आधी पहाटे ड्रोनला थर्मल लावून हरणांची पाडसं शोधतात आणि बाजूला नेतात. तुमच्याकडं फायदा असा की सोयाबीन काढणीला येतं तेव्हा पानं गळालेली असतात, नुसत्या शेंगा आणि काड्या. वरून फटी भरपूर. अडचण अशी की उबवणारी मादी दबून बसते, तिची पाठ वर, चेहरा खाली. पाठ फिकी दिसते. त्यामुळे पहाटेच, उजाडायच्या सुमारास, आणि काठावरून आडवं बघण्यापेक्षा वरून. ड्रोन नसेल तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून. लांडोर सापडेल, तित्तिर बहुतेक सापडेल, लाव्ह्याची खात्री देत नाही. किंमत: बऱ्यापैकी यंत्र लाखाच्या आसपास सुरू होतं. एका शेतकऱ्यानं घेण्यासारखं नाही. गटानं घ्या, रात्री राखणीलाही कामाला येईल.

फासेवाल्यांबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

तुरीचं_रान (परभणी)

लाखाचं काम हाय व्हय. मंग गटातच बोलावं लागल. घरटं घावलं तर किती जागा सोडावी?

टिटवी_बोलते (लातूर)

दादा, चारही बाजूंनी आठ-दहा पावलं तरी उभं पीक सोडा, आणि चौकोन सोडू नका, एखाद्या बांधाला जोडून पट्टा सोडा. मधोमध एकटं उभं राहिलेलं बेट कोल्ह्याला आणि कुत्र्याला लांबून दिसतं. खुणेला लाल फडकं बांधू नका, ड्रायव्हरला तोंडीच सांगा.

माळकरी (बीड)

सगळ्यांचे आभार. अवरक्त सरांचं ‘सावलीत शोधा’ घेऊन मधल्या काळात फिरून आलो, त्याचा वृत्तांत.

ऊन चांगलं वर आलेलं असताना मोकळ्या माळाकडं बघितलंच नाही. तरवडाच्या आणि बोरीच्या झुडपांच्या सावल्या एकेक करून तपासल्या. पडद्यावर उन्हातली जमीन पांढरीफटक, सावलीचा गोल करडा, आणि एका गोलात दोन उजळ ठिपके. दुर्बिणीतून करवानक! जोडी, एक उभा, एक गुडघे मोडून बसलेला, पिवळे डोळे माझ्यावरच. त्यांनी मला कधीच पाहिलेलं होतं. या माळावर करवानकाचा आवाज रात्री कायम ऐकतो, दिवसा पाहिला पहिल्यांदाच.

दुसरं, नाल्याच्या दरडीत शृंगी घुबड. जागा लिहीत नाही. उत्तरेकडं तोंड असलेली ती दरड अकरापर्यंत गार होती आणि समोरच्या काठावरून चेहऱ्याचा उजळ गोल स्पष्ट दिसत होता, पुढं गेलोच नाही. ही विणीची वेळ आहे त्यांची, टिटवीताईंचं म्हणणं डोक्यात होतं. पण ताई, ‘वापरूच नये’ हे मला पूर्ण पटलेलं नाही. थर्मल नसता तर मी त्याच दरडीच्या कडेनं चालत गेलो असतो आणि घुबड उडवलं असतं. कुठं जायचं नाही हेही त्यानंच कळलं. माळटिटवीचं मात्र मान्य. तिथं तसंही मेच्या दुपारी थर्मलला काही सुधरत नाही, वर सरांनी सांगितलंच आहे.

फसगती सांगायच्या तर ताजं शेण सगळ्यात जास्त. दोन नंबर वारूळ. आणि एकदा ससा उठून गेलेली जागा: ससा पळाला, तरी गवतातला उबदार डाग थोडा वेळ तसाच. दुर्बीण लावून त्या डागात पक्षी शोधत बसलो होतो.

टिटवी_बोलते (लातूर)

घुबडाच्या बाबतीत तुमचा मुद्दा घेते. समोरच्या काठावरून बघून परत येणारे तुमच्यासारखे असतील तर माझी हरकत नाही. माझी हरकत बाकीच्यांना आहे, आणि बाकीचे जास्त आहेत.

जुनी_दुर्बीण (नांदेड)

करवानक दिवसा झुडपाच्या सावलीत असतो हे मी फुकटात सांगितलं असतं, पण असो. एक काम करा माळकरी. हे मोजमाप लिहून ठेवा: तारीख, वेळ, ढग होते की ऊन, थर्मलनं किती, नुसत्या डोळ्यांनी किती. आपल्या माळांवर वनीकरणाचे खड्डे पडतायत, सौर पॅनल येतायत, आणि प्रत्येक वेळी कागदावर ‘पडीक जमीन’ लिहिलेलं असतं. तिथं काय राहतं याची नोंद कुणाकडे नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकाचं अभयारण्य झालं, तरी आता माळढोक दिसणं किती अवघड झालंय ते बघा. उरलेल्यांची तरी मोजदाद हवी.

माळकरी (बीड)

काका, वही घातली. पण दोन पद्धतींची तुलना करायची तर एकानं थर्मल आणि दुसऱ्यानं नुसती दुर्बीण घेऊन एकाच पट्ट्यात चालायला हवं, आणि एकमेकांना सांगायचं नाही. या थंडीत येता का इकडं? दुर्बीण तुमची.

जुनी_दुर्बीण (नांदेड)

येतो. पण आधी मी चालणार, तुम्ही मागून.

गाळपेर (पैठण)

अवरक्त सर, एक शंका राहिली. पाणकाठावर दव आणि चिखल फार उडतो, लेन्सवर काच बसवता येत नाही म्हणता, मग झाकायचं कशानं?

अवरक्त (छत्रपती संभाजीनगर)

पातळ पॉलिथीन चालतं. किराणा दुकानातली अगदी पातळ पिशवी ताणून, सुरकुती न ठेवता, रबरानं बांधा. डोळ्याला धुरकट दिसेल पण या लहरी तिच्यातून बऱ्यापैकी जातात, चित्र थोडं फिकं येईल इतकंच. जाड किंवा दुहेरी घेऊ नका. आणि चिखल उडालाच तर सदऱ्याच्या टोकानं पुसू नका. आधी फुंकणीनं रेती उडवा, मग मऊ कापड. लेन्सवरचं आवरण ओरखडलं तर लेन्सच बदलावी लागते.